जुनी स्ट्रिप, नवा भाव: छापील किमतीपेक्षा जादा पैसे घेता येतात का?

प्रश्न: वडिलांच्या गुडघेदुखीसाठी आम्ही पॅरासिटामॉल 650 घेतो. परवा आणलेल्या स्ट्रिपवर 30 रुपये छापलेले असताना दुकानदाराने 33 घेतले. ‘नवा रेट आलाय, हा जुना स्टॉक आहे,’ म्हणाला. घरात 2021 ची एक रिकामी स्ट्रिप सापडली, तिच्यावर 18 रुपये आहेत. एवढी वाढ कायदेशीर आहे का? आणि तीन रुपयांसाठी तक्रार केली तर कुणी दखल घेईल का?

उत्तर: आधी दोन्ही स्ट्रिपवरच्या गोळ्या मोजा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत जुनीवर 10 आहेत, नवीवर 15. म्हणजे तेव्हा एक गोळी 1.80 रुपयांना पडत होती, आता 2 रुपयांना. तुलना नेहमी एका गोळीची करावी, तीही तेवढ्याच मिलिग्रॅमच्या आणि तोच घटक असलेल्या गोळीशी.

पॅरासिटामॉल 650 अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. औषध (किंमत नियंत्रण) आदेश, 2013 नुसार तिची कमाल किंमत राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरण ठरवते आणि दर 1 एप्रिलला घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे ती बदलते. 2022 मध्ये 10.76 टक्के आणि 2023 मध्ये 12.12 टक्के वाढीला मुभा होती. 2024 मध्ये जवळपास शून्य. मधल्या काळात यादी सुधारली की किंमत नव्याने ठरते, कधी खालीही येते. त्यामुळे हे टक्के एकावर एक चढवून हिशेब करू नका. चार वर्षांत गोळीमागे 20 पैसे वाढले, एवढ्यावरून कंपनीविरुद्ध तक्रार उभी राहणार नाही.

दुकानदाराची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिथे तुमची बाजू भक्कम आहे. याच आदेशाचा परिच्छेद 26 म्हणतो की कंपनीने दुकानदारांना दिलेल्या चालू किंमत यादीतली किंमत आणि वेष्टनावर छापलेली किंमत, यांतली जी कमी असेल तिच्यापेक्षा जास्त कुणालाही घेता येत नाही. ‘जी कमी असेल ती’ हे शब्द लक्षात ठेवा. नवा भाव 33 असेल तर तो 33 छापलेल्या स्ट्रिपला. तुमच्या हातातली स्ट्रिप 30 चीच. छापील किमतीत कर धरलेले असतात, तेव्हा ‘वर जीएसटी’ ही सबबही चालत नाही.

हाच नियम उलटाही तुमच्या कामी येतो. 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. तुमच्या स्ट्रिपवरची उत्पादनाची तारीख त्याआधीची असेल, तर यादीतली किंमत 30 पेक्षाही कमी असू शकते. ही यादी ग्राहकाला दिसेल अशी लावणे दुकानदारावर बंधनकारक आहे. ती मागा, संकोच करू नका. कापून चार गोळ्या घेतल्या तरी पैसे त्याच प्रमाणात, म्हणजे इथे 8 रुपये.

बिल घेतले आहे ना? नसेल तर आजच जाऊन मागा. बिल नाकारणे ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. स्ट्रिप फेकू नका. बॅच क्रमांक आणि किंमत असलेला भाग कापला जाणार नाही हे घरी सगळ्यांना सांगून ठेवा.

तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि एवढ्या रकमेला शुल्कही नाही. पण माझा सल्ला विचाराल तर सुरुवात तिथून करू नका. आयोगात निकाल तुमच्या तीन रुपयांचा लागेल. अन्न व औषध प्रशासनाच्या औषध निरीक्षकाकडे लेखी तक्रार गेली तर तो त्या दुकानाचे सगळे कपाट आणि बिलबुक तपासू शकतो, आणि तुमच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाचे तीन रुपये त्यात येतात. म्हणूनच ही तक्रार मला क्षुल्लक वाटत नाही. हा आदेश अत्यावश्यक वस्तू कायद्याखालचा आहे, त्याच्या भंगाला तुरुंगवासाची तरतूद आहे.

अर्जात खरेदीची तारीख, बॅच क्रमांक, छापील किंमत आणि घेतलेली रक्कम एवढेच लिहा. बिल आणि स्ट्रिपची झेरॉक्स जोडा, मूळ कागद स्वतःकडे ठेवा आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.