आजोबांची पद्मिनी विकताना

नागपूर

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. आजोबांची प्रीमियर पद्मिनी विकण्याचे घरात सर्वानुमते ठरले, हे वाचून बरे वाटले, कारण अशा गाडीचा सौदा बहुधा घरातल्याच मतभेदावर मोडतो. विकण्यापूर्वी तिला नवा रंग द्यावा काय, असे तू विचारले आहेस. देऊ नये.

ताज्या रंगाखाली पत्रा आहे की पुट्टी, हे जाणकार गिऱ्हाइकाला कळत नाही. मग तो वाईटच गृहीत धरतो आणि तेवढा भाव पाडतो. मुंबईच्या खाऱ्या हवेत याच गाड्यांचे तळ आणि दारांच्या खालच्या कडा गंजून चाळणी होतात. नागपूरच्या कोरड्या हवेत, तेही शेडमध्ये उभ्या राहिलेल्या तुमच्या गाडीचा पत्रा शाबूत आहे, आणि तिची खरी किंमत त्यातच आहे. पायाखालचे मॅटिंग उचलून आणि डिकीतील स्टेपनी बाहेर काढून तळाची स्वच्छ छायाचित्रे घे, आणि जिथे थोडा गंज असेल, तिथलीही घे. इथल्या उन्हाने दारांची रबरे आणि डॅशबोर्ड तडकले आहेत, तेही आपणहून दाखव.

खर्च करायचाच असेल तर ब्रेक, टायर आणि पेट्रोलच्या नळ्यांवर कर. टायरच्या कडेवरील चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. नक्षी चांगली दिसली तरी वर्षानुवर्षे उभ्या गाडीचे रबर कडक होते. हल्लीचे इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. नळी चिरली आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकले, तर गाडी पेट घेऊ शकते. हा धोका गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालून गाडी विकणे मला मुळीच मान्य नाही.

गिऱ्हाईक येण्याआधी इंजिन गरम करून ठेवू नकोस. चोक ओढून थंड इंजिन त्याच्यासमोरच सुरू कर आणि मग सेमिनरी हिल्सच्या चढावर गाडी त्यालाच चालवू दे. स्टिअरिंगखालच्या दांडीने गिअर टाकण्याची सवय आता फार थोड्यांना उरली आहे, म्हणून आधी एक फेरी तू मारून दाखव. आजोबांनी जपलेली बिलांची फाइल आणि सुट्या भागांची पेटी गाडीबरोबरच द्यावी. गाडीची निगा खरोखर राखली गेली, याचा त्याहून मोठा पुरावा नाही.

आता कागदपत्रांविषयी, कारण तुमच्या बाबतीत खरी अडचण तिथेच आहे. आर.सी. बुक अजून आजोबांच्या नावावर असल्यामुळे गाडी थेट विकता येणार नाही. मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमतिपत्रे जोडून नमुना 31 भरावा आणि गाडी आधी बाबांच्या नावावर करून घ्यावी. आत्यांच्या सह्याही लागतील. त्यांना आरटीओच्या दारात नव्हे, आजच घरी जाऊन विचार. नोंदणीला 15 वर्षे झाल्यावर दर 5 वर्षांनी करावे लागणारे नूतनीकरण आणि पर्यावरण कर यांच्या तारखाही त्याच वेळी तपास.

पुढे विक्रीच्या वेळी नमुना 29 आणि 30 वर बाबांच्या सह्या होतील. गिऱ्हाईक ‘ट्रान्सफर मी नंतर करतो’ म्हणाले तरी कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देऊ नका. गाडी विकली गेली तरी नोंदीत नाव जुन्याच मालकाचे असेल, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली एका प्रकरणात स्पष्ट केले. त्यात गाडी तर पुढे अनेक हातांतून गेली होती. म्हणून ताबा देताना तारखेबरोबर वेळही लिहून दोघांच्या सह्या घ्या. पैसे बँकेतूनच घ्या. 2 लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे.

दोन गिऱ्हाइके जवळपास सारखाच भाव देत असतील, तर गाडी मूळ रूपात ठेवणाऱ्याला ती द्यावी, असे मला मनापासून वाटते.

संमतिपत्रांचा मसुदा तयार झाला की आत्यांच्या सह्या घेण्यापूर्वी मला पाठव. मी तो वाचून देईन.

तुझा,
काका