रात्री दाढ ठणकते, झोपच लागत नाही. काय करावं?

दिवसा कसंबसं निभतं, पण अंथरुणाला पाठ टेकली की ठणका सुरू होतो, असं तुम्ही लिहिलंय. मी अशा ओळीने तीन रात्री काढल्या आहेत. गाल तळहातात दाबून पलंगाच्या कडेला बसायचो आणि नाडीच्या ठोक्यागणिक कळ दाढेतून थेट कानात जायची.

आडवं झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो. दाढेतली नस सुजलेली असते आणि भोवती दाताच्या कडक भिंती, म्हणजे सुजेला पसरायला जागाच नाही. म्हणून आज रात्री दोन-तीन उशा रचून डोकं उंच ठेवा. मला सगळ्यात जास्त आराम त्यानेच पडला. त्याआधी कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या करा, दातांत काही अडकलं असेल तर दोऱ्याने हलकेच काढा. बर्फ फडक्यात गुंडाळून गालावर बाहेरून पंधरा मिनिटं धरा. गरम शेक मात्र नको.

गोळ्यांमध्ये आयबुप्रोफेन दातदुखीला चांगलं लागू पडतं, पण पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, दमा, गरोदरपण किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. पॅरासिटामॉल घेतलं तर पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या वर जाऊ नका. लवंगेच्या तेलाने थोडा वेळ बधिरपणा येतो, फक्त ते हिरडीला लागू देऊ नका, चुरचुरतं. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका, तिथली कातडी भाजते.

आता कळकळीने सांगतो. चौथ्या दिवशी माझा ठणका आपोआप थांबला आणि मी दवाखान्यात जायचं टाळलं. खरं तर आतली नस मेली होती. काही आठवड्यांनी गालफड सुजलं, दाढेच्या मुळाशी पू झाला होता. वेळेवर गेलो असतो तर तेवढं वाढलं नसतं. उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घरी पडल्या असतील तर त्याही घेऊ नका, सुजलेल्या नसेची कळ त्याने थांबत नाही. त्यावर इलाज रूट कॅनाल किंवा दाढ काढणं हाच.

चेहरा किंवा मान सुजली, ताप आला, तोंड उघडेना, गिळताना वा श्वास घेताना त्रास झाला तर सकाळची वाट पाहू नका, तडक हॉस्पिटल गाठा. तसं काही नसेल तर सकाळी दवाखाना उघडताच फोन लावा आणि ‘ठणक्याने झोपेतून जाग येते’ हे आवर्जून सांगा. नुसतं ‘दात दुखतोय’ म्हटलं तर कदाचित पुढच्या आठवड्याची वेळ मिळेल.