प्री-ऑर्डर करू की थांबू?

प्रश्न : दादा, मी नुकताच जॉबला लागलोय. माझ्याकडे साधा पीएस फोर आहे, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन 4 हा गेम खेळायचा कन्सोल, जुना. एक मोठा गेम येतोय आणि ग्रुपमधल्या सगळ्यांनी प्री-ऑर्डर केलीय, म्हणजे गेम यायच्या आधीच पैसे भरलेत, जास्त किमतीची डिलक्स एडिशन घेतली तर तीन दिवस आधी खेळायला मिळतो. शिवाय नवीन फोन लाँच झाला की पहिल्याच सेलला नो-कॉस्ट ईएमआयवर घ्यायचा विचार आहे. घरचे म्हणतात थांब जरा. पण थांबून मिळणार काय?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : घरचे बरोबर बोलतायत, थांबच. आणि जुना पीएस फोर म्हणालास म्हणून तर जास्तच कळकळीने सांगतोय, कारण सायबरपंक 2077 या गेमच्या वेळी सगळ्यात जास्त कोण पोळलं असेल तर तुझ्यासारखेच जुन्या कन्सोलवाले. तो गेम तीनदा पुढे ढकलला, शेवटी 10 डिसेंबर 2020 ला आला, तोवर 80 लाख लोकांनी आधीच पैसे भरून ठेवलेले. गेम बनवणाऱ्या कंपनीने रिव्ह्यू करणाऱ्यांना आधी फक्त पीसीची कॉपी दिली होती त्यामुळे रिव्ह्यू एकदम भारी आले, पण साध्या पीएस फोरवर तो कसा चालतो हे रिलीजच्या आधी बहुतेकांना कळलंच नव्हतं. आणि चालत होता कसा, तर समोरच्या माणसाचा चेहरा नीट दिसायला काही सेकंद लागायचे, तोवर नुसता मेणाचा गोळा, गाड्या रस्त्यात मधूनच उगवायच्या, आणि थोड्या थोड्या वेळाने गेम क्रॅश होऊन थेट होम स्क्रीन. आठवडाभरात सोनीने तो स्वतःच्या स्टोअरवरून काढून टाकला, रिफंड द्यायला लागले, पुन्हा आला तो जून 2021 मध्ये.

पुढे कंपनीने मेहनत घेतली, सप्टेंबर 2023 मध्ये 2.0 अपडेट आलं आणि आज तो खरंच सुंदर गेम आहे, मला मनापासून आवडतो. पण ते 2.0 पीएस फोरला आलंच नाही! म्हणजे ज्यांनी पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजली त्यातल्या कितीतरी जणांना त्यांच्या मशीनवर तो चांगला गेम कधी मिळालाच नाही, आणि जे थांबले त्यांनी सेलमध्ये निम्म्या किमतीत तोच गेम धड अवस्थेत घेतला. याचाच मला राग येतो, की सगळ्यात जास्त विश्वास टाकणाऱ्याला सगळ्यात कच्चा माल.

आणि डिजिटल गेम काय संपतो का रे? दुकानात मोजक्या सीडी यायच्या तेव्हा आधी नंबर लावण्यात अर्थ होता. आता रिलीजनंतर आठवड्याने घेतलास तरी तोच गेम, फक्त तोवर तुझ्याच मॉडेलवर खेळणाऱ्यांचे व्हिडिओ बघून झालेले असतात. प्लेस्टेशनवर रिलीजच्या आधी ऑर्डर कॅन्सल करता येते, पण एकदा डाउनलोड सुरू झालं की "आवडला नाही" म्हणून पैसे परत मिळत नाहीत, आणि ऑटो-डाउनलोड चालू असेल तर प्री-ऑर्डरचा गेम आपोआप उतरायला लागतो, त्यामुळे ते सेटिंग आजच बघून घे. पीसीवाल्यांचं थोडं बरं आहे, स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळला असाल तर रिफंड मिळतो.

मित्रांसोबत ऑनलाइन खेळायचंय म्हणून घाई करत असशील तर ते मी समजू शकतो, ती मजा नंतर मिळत नाही. पण सोनीचा कॉन्कॉर्ड हा ऑनलाइन गेम आठव, 23 ऑगस्ट 2024 ला आला आणि 6 सप्टेंबरला सर्व्हर बंद. पैसे परत दिले, ठीक, पण खेळायला गेमच उरला नाही.

आता फोन. सॅमसंगचा नोट 7 ऑगस्ट 2016 मध्ये आला, बॅटऱ्या पेटायला लागल्या, दोनच आठवड्यांत सुमारे 25 लाख फोन परत मागवायची वेळ आली. बदलून दिलेले फोनही पेटले, ऑक्टोबरमध्ये मॉडेलच बंद. एका बॅटरीत कोपऱ्यात जागा कमी पडून आतले थर दाबले जात होते, दुसऱ्या कंपनीच्या बॅटरीत वेल्डिंगचा दोष होता. आपल्याकडे विक्री सुरू व्हायच्या आधीच हे उघडकीस आलं म्हणून आपण वाचलो. एवढं टोकाचं दरवेळी होत नाही हे खरंय, पण तापणं, कॅमेरा अडकणं, बॅटरी भराभर उतरणं असल्या तक्रारी पहिल्या एक-दोन महिन्यांतच निघतात आणि अपडेटने सुटतात. दसरा-दिवाळीच्या सेलपर्यंत थांबलास तर किंमतही उतरलेली असते.

नो-कॉस्ट ईएमआयमध्ये व्याज असतंच बरं का, ते डिस्काउंट म्हणून वळतं करतात. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी आणि वर बँकेची प्रोसेसिंग फी तुझ्याच खिशातून जाते. नवीन पगारावर पहिलाच हप्ता फोनचा नको, खरंच नको.

प्रश्न : तुम्ही नेहमी थांबा म्हणता. मी पीएस फाइव्हसाठी थांबलो तर तो स्वस्त व्हायच्या ऐवजी महागच झाला. मग?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमचं म्हणणं मान्य आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये डिस्क टाकायची सोय असलेला पीएस फाइव्ह 49,990 रुपयांना होता, 2022 च्या शेवटी 54,990 झाला. कन्सोलच्या बाबतीत किंमत उतरेलच असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. तरी पहिल्याच लॉटमधलं मशीन घ्यावं असं मला अजूनही वाटत नाही. एक्सबॉक्स 360 हा कन्सोल नोव्हेंबर 2005 ला आला आणि बिघाडाचे लाल दिवे लागून इतके बंद पडले की 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टला वॉरंटी तीन वर्षांची करावी लागली. आणि पीएस फाइव्ह आल्यावरही होरायझन फॉरबिडन वेस्ट, गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक हे दोन्ही 2022 मध्ये पीएस फोरवर आलेच होते, त्यामुळे थांबल्याने तुमचे निदान हे गेम तरी चुकले नाहीत. जो गेम फक्त नव्या मशीनवरच चालतो आणि तुम्हाला खेळायचाच आहे असा पहिला गेम आला, तो चांगला निघाला हे कळलं, की तेव्हा घ्या, मग पाच हजार जास्त गेले तरी चालतील.