यात्रेतला गाडा आणि पुतण्याचा प्रश्न

प्रश्न : डॉक्टर, मी जुन्नर तालुक्यातला शेतकरी, गावच्या यात्रा कमिटीत आहे. बैलगाडा शर्यत पुन्हा सुरू व्हावी म्हणून आम्ही मोर्चे काढले, रस्त्यावर बसलो. आता शर्यती होतात, तर पुण्यात शिकणारा पुतण्या म्हणतो, ‘काका, हा बैलांचा छळ आहे. यात शेती कुठं वाचते?’ त्याला काय सांगू?

उत्तर : पुतण्याचं निम्मं बरोबर आहे. ते आधी मान्य करा, मग बोला.

31 वर्षं मी जनावरांच्या दवाखान्यात काढली. बंदीच्या आधी एका यात्रेच्या दुसऱ्या दिवशी दारात आणलेला खिलार जातीचा पांढरा बैल अजून डोळ्यांपुढे आहे. शेपटीवर माणसाच्या दातांचे वळ, पुठ्ठ्यावर खिळ्यांची भोकं, शिलाई मारावी तशी एका ओळीत. मालक म्हणाला, ‘तारेच्या कुंपणात अडकला.’ मी जखमा धुतल्या, इंजेक्शन दिलं आणि गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं शर्यती थांबवल्या, तेव्हा गावोगाव बोललं गेलं की शहरवाल्यांना आपली परंपरा कळत नाही. अहो, त्यांना खिळे दिसले होते.

आता उरलेलं निम्मं. शेती वाचते असं पुतण्याला सांगू नका, गाडा पळाला म्हणून कांद्याचा भाव चढत नाही. वाचतो तो खिलार. नांगर ट्रॅक्टरनं घेतला. खिलार गाय दुधाला बेताची, भरपूर दूध देणाऱ्या विदेशी होल्स्टीन गाईपुढं तिचं गणित बसत नाही. ती गोठ्यात टिकते तिच्या खोंडासाठी, आणि आपल्या भागात चांगल्या खोंडाला भाव देणारा एकच, गाडामालक. तोच बंद झाला. वर 2015 पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आली. न राबणारा, न विकला जाणारा बैल माणूस किती दिवस पोसणार? त्या वर्षांत चांगल्या खिलार गाई माझ्याकडे जर्सीचं रेतन करायला आणत. ‘डॉक्टर, खोंड झाला तर करू काय?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

राज्यानं 2017 मध्ये कायदा बदलून वाट काढली, ती उच्च न्यायालयात अडली. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं कायदा वैध ठरवला. तेव्हा मोर्चाचं काम झालं. आता काम आहे घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीच्या, तोंडाशी, जिथं गाडा जुंपतात तिथं. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, जनावराच्या डॉक्टरचा दाखला, धाव 1000 मीटरच्या आत, काठी-चाबूक-शॉक काही नाही, या अटींवर शर्यत मिळाली आहे. मोडल्या तर दंड 5 लाखांपर्यंत, नाहीतर 3 वर्षांपर्यंत कैद. पण दंडापेक्षा मला भीती वेगळीच आहे. आपल्याकडे गाडा घड्याळाशी पळतो, सेकंदाच्या तुकड्यासाठी माणसाचा हात सैल सुटतो, आणि तेवढा एक व्हिडिओ पुन्हा कोर्टात जायला पुरतो.

म्हणून कमिटीतली दोन खमकी माणसं जुंपणीच्या जागी उभी करा. हातात काठी दिसली की बारी, म्हणजे त्या गाड्याची धाव, बाद, मग तो सरपंचाचा मेहुणा का असेना. बक्षिसांचंही बघा. बैलांच्या शर्यतीला ट्रॅक्टर बक्षीस ठेवतात, यात काही गंमत आहे हे कुणाला जाणवतच नाही! त्यातले थोडे पैसे काढून गावात ज्याच्या दावणीला खिलार गाय वासरासह आहे, त्याच्या वर्षाच्या कडब्याला द्या.

आणि पुतण्याला यात्रेला बोलवा. पाहुण्यांच्या मांडवात बसवू नका. त्या दोघांच्या शेजारी उभा करा, मोबाइल चालू ठेवून.