फुटबॉलपटूंबद्दल चाहते, टीव्हीवरचे तज्ज्ञ आणि बातम्या वेगवेगळं सांगतात. मग खरं कोणाचं मानायचं?

तुम्ही लिहिलंय, 'नुकताच फुटबॉल बघायला लागलो. ग्रुपमधले सगळे ज्याला भंगार म्हणतात, त्यालाच कोच दर मॅचला उतरवतो. टीव्हीवरचे तज्ज्ञ तिसरंच बोलतात, बातम्या चौथंच. खरं कोणाचं मानू?'

भंगार म्हणणाऱ्यांच्या वतीने मी बोलू शकतो, कारण बरीच वर्षं मी त्यांच्यातलाच होतो. तोही हो ला हो करणारा नव्हे. सगळ्यात मोठा आवाज माझाच असायचा.

मी नागपूरचा. कॉलेजात स्टॉपर, म्हणजे गोलसमोरचा मधला बचावपटू खेळायचो, आता नोकरी आणि पोट दोन्ही सांभाळतो. टीम मँचेस्टर युनायटेड, हसून घ्या. गोकुळपेठेत ऑफिस सुटल्यावर ज्या पानठेल्यावर आम्ही उभे राहतो, तिथे एक खर्रा (तंबाखू-सुपारी) घोटून होईपर्यंत कुठल्यातरी खेळाडूची कारकीर्द संपवायची रीत आहे. ठेलेवाला स्वतः फुटबॉल बघत नाही, तरी हॅरी मॅग्वायर हे नाव त्याला पाठ. 'तुमचा तो मोठ्या डोक्याचा कालही झोपला काय भाऊ?' हा त्याचा सोमवारचा नमस्कार.

मॅग्वायरला युनायटेडने ऑगस्ट २०१९ मध्ये लेस्टरकडून आठ कोटी पौंडांना घेतलं. बचावपटूसाठी तेवढे पैसे तोवर कोणी मोजले नव्हते. भाव क्लबने ठरवला, पण पुढे त्याच्या प्रत्येक चुकलेल्या पासवर ती आठ कोटींची चिठ्ठी आम्ही डकवत गेलो. लोण इतकं पसरलं की २०२२ मध्ये घानाच्या संसदेत एका खासदाराने तिथल्या उपराष्ट्राध्यक्षांना अर्थव्यवस्थेचा मॅग्वायर म्हटलं, स्वतःच्याच गोलवर बॉल मारणारा अशा अर्थाने. वर्षभराने त्याच खासदाराने संसदेतच मॅग्वायरची माफी मागितली. आमच्या ठेल्यावर मात्र कोणी मागितली नाही.

आता १८ एप्रिल २०२५ ची पहाट. लियॉनविरुद्ध युरोपा लीगची क्वार्टर फायनल, आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झालेली. दिवस उजाडल्यावर गुड फ्रायडेची सुटी, म्हणून जागलो. २-० ने पुढे होतो, २-२ झालं. लियॉनचा एक खेळाडू लाल कार्ड घेऊन गेला आणि तरी एक्स्ट्रा टाइममध्ये त्यांनीच ४-२ केलं. एप्रिलमधलं नागपूर, कूलर कोरडा पडून नुसती गरम हवा फेकत होता. म्हटलं, ही टीम काही सुधारत नाही, निदान टाकी तरी भरू. बादली घेऊन मोरीत गेलो तेवढ्यात आमच्या ब्रूनोचा पेनल्टीवर गोल होऊन गेला. परत आलो तर ४-३. बादली हातातच. १२० व्या मिनिटाला आमच्या कोबी मेनूचा गोल, ४-४, आणि पुढच्याच मिनिटाला मॅग्वायरचं हेडर, डोक्याने मारलेला गोल. ५-४. अर्धी बादली गादीवर. बायकोने दार उघडून एकदा गादीकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता दार लावून घेतलं.

सोमवारी ठेल्यावर मॅग्वायर 'लेजंड'. तीच तोंडं, माझं धरून. मला तिथे जरा खटकलं. आदल्या आठवड्यातलं भंगार एका हेडरने सोनं झालं असेल, तर आम्ही दोन्ही वेळा मॅग्वायर बघितलाच नव्हता. एकदा त्याची घसरगुंडी बघितली, एकदा त्याचं डोकं.

माझ्या मते सगळा घोळ इथे आहे. टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे धावतो. एका खेळाडूच्या पायात बॉल पूर्ण मॅचमध्ये मिळून दोन-तीन मिनिटं असतो. उरलेला वेळ तो काय करतो हे घरी बसून जवळपास दिसतच नाही. स्ट्रायकरचं त्यात भागतं, कारण गोल कॅमेऱ्यासमोरच होतो. मरतो तो स्टॉपर आणि त्याच्या पुढे मध्यात बचाव सांभाळणारा डिफेन्सिव्ह हाफ. चांगला स्टॉपर स्ट्रायकरकडे जाणारी वाट आधीच बुजवतो. मग समोरचा हाफ मान वर करून बघतो, जागा दिसत नाही, बॉल मागे फिरवतो, आणि कॉमेंटेटर म्हणतो, समोरचा संघ फार संथ खेळतोय. स्टॉपरचं नाव निघत नाही. ते निघतं तो चुकल्यावर.

मी स्वतः त्या जागी खेळलेला माणूस, मला हे कळायला हवं होतं. पण खुर्चीत बसलं की आपणही कॅमेराच होतो. मला ते परत दाखवलं कामठीतल्या एका म्हाताऱ्या चाचांनी. कामठी छावणीचं गाव, तिथे फुटबॉलचं वेड जुनं, रब्बानी क्लबचं नाव नागपुरात बॉलला पाय लावलेल्या कोणालाही माहीत. मित्राचा पोरगा एका मॅचमध्ये खेळत होता म्हणून गेलो होतो. शेजारी हे चाचा, गुडघ्यावर रुमाल, बॉल उजव्या कोपऱ्यात असला तरी नजर डावीकडे. मी विचारलं, तिकडे काय आहे? म्हणाले, 'बॉल तो सब देखते हैं बेटा. वो चार नंबर देखो, कितनी बार पीछे मुड़ा.' मग मीही बघितलं. चार नंबरचा पोट्टा दर काही सेकंदांनी मान वळवून मागचा स्ट्रायकर कुठे सरकला ते बघत होता, आणि दोन-दोन पावलं जागा बदलत होता. वीस मिनिटांत त्याने बॉलला जेमतेम तीनदा पाय लावला. त्या वीस मिनिटांत त्या बाजूने एकही हल्ला झाला नाही.

मँचेस्टर सिटीचा डिफेन्सिव्ह हाफ रोद्री, त्याच्यावरून झालेली भांडणं आठवतात? २०२४ चा बॅलन डी'ओर, म्हणजे सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, त्याला मिळाला. आपल्या विनिशियसला मिळणार नाही हे कळल्यावर रेआल माद्रिदची मंडळी सोहळ्यालाच गेली नाहीत. 'हा करतो तरी काय?' असं आमच्या ग्रुपमध्येही चाललं होतं. उत्तर त्याच्या गैरहजेरीने दिलं. सप्टेंबरमध्ये आर्सेनलविरुद्ध त्याचा गुडघा गेला आणि ऑक्टोबरच्या अखेरीपासून मँचेस्टर सिटीने सगळ्या स्पर्धा मिळून १३ पैकी एकच मॅच जिंकली. इतर कारणंही होती, बचावातले बरेच जण जखमी होते. पण मधली ती जागा रिकामी पडल्यावर पहिल्यांदा लोकांना ती जागा दिसली.

तज्ज्ञांचं काय? त्यांना मी दोन भागांत ऐकतो. 'काय झालं' हे सांगत असले की कान टवकारून, आणि 'काय होणार' किंवा 'ह्याच्यात दम नाही' सांगू लागले की खर्रा घ्यायला. ॲलन हॅन्सन लिव्हरपूलकडून आठ वेळा लीग जिंकलेला बचावपटू, बचावातल्या चुका दाखवण्यात त्याचा हात धरणारा विरळा. ऑगस्ट १९९५ मध्ये ॲस्टन व्हिलाने युनायटेडला ३-१ हरवलं तेव्हा तोच बीबीसीवर म्हणाला, पोरांच्या जिवावर काही जिंकता येत नाही. पोरं म्हणजे बेकहॅम, स्कोल्स, बट आणि दोघे नेव्हिल भाऊ. त्या मोसमात लीग आणि एफए कप दोन्ही युनायटेडने नेले. त्यातला गॅरी नेव्हिल पुढे स्वतः तज्ज्ञ झाला, आणि लिव्हरपूलचा जुना बचावपटू कॅरागर याच्यासोबत पडद्यावर खेळाडू सरकवून तो जे समजावतो त्यातून मी खरंच शिकलो. डिसेंबर २०१५ मध्ये त्याला व्हॅलेन्सियाने कोच केलं. बार्सेलोनाकडून ७-० खाल्ले, मार्च संपायच्या आत घरी. म्हणून त्याचं टीव्हीवरचं बोलणं खोटं ठरलं असं मी मानत नाही, धंदे वेगळे आहेत. पण ठेल्यावर हा मुद्दा चालत नाही, तिथे सात-शून्यच चालतं.

युनायटेडचा जुना कर्णधार आणि आता टीव्हीवरचा तज्ज्ञ रॉय कीन, त्याचं अजून वेगळं. नोव्हेंबर २०२१ मध्ये मॅग्वायरने अल्बानियाविरुद्ध गोल करून कानांवर हात ठेवले, टीकाकारांना उत्तर म्हणून. कीनला ते लाजिरवाणं वाटलं, आणि तो ते टीव्हीवर बोलला. ती क्लिप आमच्या प्रत्येकाच्या फोनवर आली. इंग्लंडने ती मॅच ५-० जिंकली, ती मात्र आमच्यापैकी एकानेही बघितलेली नव्हती.

बातम्यांबाबत मी जास्त कडक आहे. डिसेंबर २०१८ मध्ये तेव्हा सिटीकडून खेळणाऱ्या रहीम स्टर्लिंगने एकाच इंग्लिश वृत्तसमूहाचे दोन मथळे शेजारी शेजारी टाकले होते. सिटीच्या दोन तरुण पोरांनी आईसाठी घर घेतलं, गोष्ट तीच. गोऱ्या फिल फोडेनच्या बातमीत उगवत्या खेळाडूने आईसाठी घर घेतलं होतं. काळ्या टोसिन ॲडारबिओयोच्या बातमीत आठवड्याचा पगार होता, घराचा 'महाल' झाला होता, आणि पोराने अजून प्रीमियर लीगची एकही मॅच सुरुवातीपासून खेळलेली नाही हा टोमणा. वाचणाऱ्याने दोघांनाही खेळताना बघितलेलं नसतं, पण मत तयार. आणि लिव्हरपूलचे चाहते 'द सन' हातात का धरत नाहीत, असं कोणी विचारलं तर हिल्सबरो वाचा. त्या मैदानातली १९८९ ची चेंगराचेंगरी, लिव्हरपूलच्या चाहत्यांचे ९७ जीव गेले, चारच दिवसांत त्या पेपरने पहिल्या पानावर चाहत्यांनाच गुन्हेगार केलं. चाहत्यांचा दोष नव्हता, हे ज्युरीने सांगायला २०१६ उजाडलं.

पण सगळं पाप पेपरवाल्यांच्या माथी मारताना माझी जीभ अडखळते. कॉलेजात असताना आम्ही एक आंतरमहाविद्यालयीन मॅच १-० हरलो. गोल सरळ सरळ माझ्यामुळे झाला, गोलकीपरकडे मागे दिलेला पास लहान पडला. एका दैनिकाचा माणूस मैदानावर आला नव्हता. संध्याकाळी त्याने माहितीसाठी कॉलेजात फोन केला आणि योगायोगाने फोन मी उचलला. त्याने विचारलं, गोल कसा झाला? मी म्हणालो, गोलकीपरच्या हातून बॉल सुटला. सकाळी चार ओळींची बातमी, त्यात गोलकीपरचं नाव. तो बिचारा आठवडाभर शिव्या खात होता आणि मी त्याला चहा पाजत होतो. लग्नाला आला तेव्हा त्याला खरं सांगितलं. तो म्हणाला, 'माहीत होतं बे, फोनच्या मागेच उभा होतो मी.'

तर तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे एकच कामाचा उपाय आहे. एखाद्याला भंगार म्हणण्याआधी पूर्ण एक मॅच फक्त त्यालाच बघा. टीव्हीवर अर्धा वेळ तो फ्रेमबाहेर असेल, चालेल. बॉल परत त्याच्या बाजूला आला की तो आधी कुठे दिसला होता आणि आता कुठे उभा आहे, एवढं टिपा. जमलं तर जवळच्या मैदानावर किंवा कामठीला जाऊन कुठलीही लोकल मॅच बघा. भारताचा तेव्हाचा कर्णधार सुनील छेत्री याने २०१८ मध्ये हात जोडून हेच सांगितलं होतं, शिव्या द्या पण मैदानावर येऊन द्या. मुंबईत त्याने हॅटट्रिक केली त्या दिवशी मैदानात २,५६९ माणसं होती. त्या आवाहनानंतर पुढच्या मॅचची तिकिटं संपली.

हा उपाय मी भाच्यावर करून बघितला. त्याला म्हटलं, आज फक्त आपला डिफेन्सिव्ह हाफ कॅसेमिरो. पंधरा मिनिटांनी म्हणाला, 'मामा, हा तर काहीच करून नाही राहिला.' अर्ध्या तासाने म्हणाला, 'हा सारखा मागे काऊन बघते?' मी खूश होऊन समजवायला त्याच्याकडे वळलो, तेवढ्यात गोल पडला आणि तो आम्हा दोघांनाही दिसला नाही.