जॅझ आणि लढाईहून परतलेली माणसं

प्रश्न: तुमचं सदर वाचून थोडंथोडं जॅझ ऐकायला लागले आहे. माझे सासरे १९७१ च्या लढाईत पूर्व आघाडीवर होते. अजून रात्री दचकून उठतात, पण लढाईबद्दल चकार शब्द काढत नाहीत. स्वतः लढाईत होते अशा वादकांनी त्याबद्दल काही वाजवलं आहे का? तुमच्या आवडीचं सांगा. त्यांना ऐकवलं तर चालेल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: वाजवलं आहे, आणि माझ्या घरी ते वरचेवर लागतं. बिली बँग या व्हायोलिनवादकाचा २००१ चा अल्बम, ‘व्हिएतनाम: द आफ्टरमाथ’. बँगचा जन्म १९४७ चा, अलाबामातल्या मोबीलचा, वाढला न्यूयॉर्कमध्ये. ऐन तारुण्यात सक्तीच्या भरतीत सापडला आणि पायदळातून व्हिएतनामला गेला. लहानपणी शाळेत शिकलेलं व्हायोलिन परत आल्यावर पुन्हा हातात घेतलं, पुढे मोठं नाव कमावलं. पण व्हिएतनामचा विषय त्याने वर्षानुवर्षं दाबून ठेवला होता. स्वप्नं मात्र पडत राहिली. आपण काय पाहिलं ते संगीतात मांडायला त्याला जवळजवळ तीस वर्षं लागली.

आणि मांडताना त्याने सोबतीला माणसं बघा कुठली घेतली: टेनर सॅक्सोफोनवर फ्रँक लो, ट्रम्पेटवर टेड डॅनियल, ड्रम्सवर मायकेल कार्विन, संचालनाला बुच मॉरिस. हे सगळे त्याच युद्धात सैनिक होते. काय घडलं होतं ते एकमेकांना समजावून सांगायची गरज नसलेली माणसं. मला तर वादनातही ते जाणवतं. कुणी कुणाला थांबवत नाही, सावरून मात्र घेतात.

‘टनेल रॅट’ नावाची रचना आहे. व्हिएतनामी लढवय्यांनी जमिनीखाली खणलेल्या भुयारांत ज्या सैनिकाला एकट्याने उतरवायचे, त्याला अमेरिकन सैन्यात हे नाव होतं. शीर्षकातच पुढे ‘फ्लॅशलाइट अँड अ .४५’ असं आहे, कारण हातात तेवढंच असे: विजेरी आणि पिस्तूल. बँगचा गज ऐका. गोड, गुळगुळीत व्हायोलिनची सवय असेल तर आधी कानाला टोचेल, तारेवर तो खरवडत जातो. दुसऱ्यांदा ऐकाल तेव्हा कळेल की हा माणूस सूर शोभेसाठी लावत नाहीये. आणि एक शांत रचना आहे, लढाईत पडलेल्यांसाठी आणि बेपत्ता झालेल्यांसाठी. फार काही होत नाही तिच्यात. मी ती ऐकताना दुसरं काम करू शकत नाही.

२००५ मध्ये ‘व्हिएतनाम: रिफ्लेक्शन्स’ आला. यात त्याने व्हिएतनामी गायिकेला आणि डान त्रान्ह हे तिथलं तंतुवाद्य वाजवणाऱ्याला सोबत घेतलं. ज्यांच्यावर बंदूक रोखायला धाडलं होतं, त्यांच्या लोकगीतांच्या मागे आता तो व्हायोलिन धरून उभा आहे. मला हा दुसरा अल्बम जास्त जवळचा वाटतो. २०११ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने बँग गेला.

आता तुमच्या सासऱ्यांबद्दल. न विचारता ऐकवू नका. पहिल्या अल्बममधले ड्रम्स कित्येक ठिकाणी अंगावर येतात. तुमच्या-माझ्यासाठी ते संगीत आहे, त्यांच्यासाठी दुसरंच काही असू शकतं. स्वतःहून ऐकतो म्हणाले तर ‘रिफ्लेक्शन्स’पासून सुरुवात करा, आणि शेजारी बसा. दुसरं, तुम्ही विचारलेलं नाही तरी लिहिते. इतक्या वर्षांनी रात्री दचकून उठणं हा म्हातारपणाचा स्वभाव समजून सोडून देऊ नका. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने पीटीएसडी (भयंकर अनुभवानंतर मनाला होणारा, वर्षानुवर्षं राहू शकणारा त्रास) हे निदान अधिकृत यादीत घेतलं ते १९८० साली, आणि त्यासाठी व्हिएतनामहून परतलेल्यांचाच मोठा रेटा होता. यावर उपचार आहेत, उतारवयातही आहेत. चांगल्या मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा.

प्रश्न: लेस्टर यंग सैन्यातून आल्यावर संपला, असं वाचलं. मग त्याचं १९४४ पूर्वीचंच ऐकावं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: हे वाक्य इतकी वर्षं एकाने लिहिलं की दुसरा उचलतो, आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

घडलं ते असं. काउंट बेसीच्या बँडमधला हा टेनर सॅक्सोफोनवादक, वय पस्तीस, १९४४ मध्ये भरती झाला. सैन्याच्या बँडमध्ये घेतलं नाही. अमली पदार्थ सापडले, १९४५ मध्ये कोर्ट मार्शल झालं आणि जॉर्जियातल्या लष्करी कोठडीत डांबलं. तो आघाडीवर कधी गेलाच नाही. तरी युद्धाने त्याच्याकडून वसुली केली. एका कृष्णवर्णीय, हळव्या माणसाला त्या काळच्या अमेरिकन सैन्यात काय सोसावं लागलं असेल ते वेगळं सांगायला नको. नंतर दारू वाढली, तब्येत ढासळत गेली. हे खरंच आहे.

पण सुटल्यावर लगेच, १९४५ च्या डिसेंबरात, लॉस एंजेलिसमध्ये त्याने काय रेकॉर्ड केलं? ‘डी. बी. ब्लूज’. डी. बी. म्हणजे डिटेन्शन बॅरॅक्स, तीच कोठडी. नाव वाचून रडगाणं असेल असं वाटतं, आणि निघते ती चांगली डुलणारी, चालती चीज. रचनाही नेहमीची नाही: बारा बारचं (बार म्हणजे इथे चार मात्रांचा एक गट) ब्लूज दोनदा, मग मध्येच आठ बारचा वेगळा तुकडा, मग पुन्हा ब्लूज. त्याच बैठकीत ‘दीज फूलिश थिंग्ज’ आहे. त्यात तो मूळ चाल वाजवून दाखवतच नाही. पहिल्या सुरापासून स्वतःचं काहीतरी रचत जातो, आणि गाणं तरी ओळखू येतं. संपलेला माणूस असं वाजवत नसतो. आधीचा हलका, उडता सूर जड झाला, मान्य. मला त्यात भर पडलेली दिसते. आधीचंही ऐका, नंतरचंही ऐका, पण दुसऱ्याने काढलेला निकाल मनात ठेवून ऐकू नका.

१९५७ चं ‘फाइन अँड मेलो’ मात्र चुकवू नका, आणि नुसतं ऐकू नका, बघा. टीव्हीसाठी चित्रित झालेलं आहे. लेस्टर उठून उभा राहतो आणि एकच आवर्तन वाजवतो, मोजके सूर. गाणारी बिली हॉलिडे त्याच्याकडे बघत मान हलवते. १९५९ च्या मार्चमध्ये तो गेला, जुलैत ती. बासवादक चार्ल्स मिंगसने त्याच वर्षी लेस्टरच्या आठवणीत ‘गुडबाय पोर्क पाय हॅट’ रेकॉर्ड केलं. तेही याच्या पाठोपाठ लावा.

प्रश्न: दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपल्याकडे झालेलं जॅझ रेकॉर्डिंग कुठलं ऐकावं? (एक वाचक, मडगाव)

उत्तर: टेडी वेदरफर्ड. शिकागोत नाव काढलेला हा पियानोवादक मुंबईच्या ताजमध्ये वाजवून गेला आणि युद्धाच्या काळात कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात बँड चालवत होता. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीसाठी त्याने तिथेच रेकॉर्डिंग केली. शहर दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांनी भरलेलं. जहाजावर नोकरी करणारा जिमी विदरस्पून, पुढे मोठा ब्लूज गायक झाला तो, त्याच्या बँडबरोबर गायला.

त्या चाली आनंदी आहेत, आणि वेदरफर्डचा पियानो उत्तम आहे. पण १९४३ हे त्याच बंगालच्या दुष्काळाचं साल. ब्रह्मदेश जपानकडे गेल्यावर तिकडचा तांदूळ बंद झाला, सरकारने किनाऱ्यावरच्या होड्या काढून घेतल्या, सैन्यासाठी धान्य खेचलं गेलं, भाव आकाशाला भिडले. सुमारे तीस लाख माणसं गेली असा अंदाज आहे. भुकेलेले लोक कलकत्त्याच्या रस्त्यांवर मरत होते आणि हॉटेलांत नाच चालू होते. मी वेदरफर्डला दोष देत नाही. तो स्वतः १९४५ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्यातच पटकीने गेला, वय ४१. इंटरनेटवर त्याच्या नावाने शोधलंत तर त्या काळच्या काही तबकड्या ऐकायला मिळतील. खरखर आहे, पण पियानो स्वच्छ कळतो.