कोकणात वीकेंड ऑफरोडिंगसाठी थ्री-डोअर थारला कोणते टायर आणि रिम घ्यावेत?

१६ इंची स्टील रिम आणि २४५/७५ आर१६ साईझचे ए/टी (ऑल-टेरेन, म्हणजे रस्ता आणि कच्चा दोन्हीला चालणारे) टायर घ्या, १८ इंची अलॉयच्या मागे लागू नका. सड्यावर, म्हणजे कोकणातल्या खडकाळ पठारावर, जांभ्याच्या धारदार कडा असतात, आणि या साईझला साईडवॉल (रिमपासून वरची टायरची बाजू) साधारण १८४ मिमी मिळते, १८ इंचीच्या २५५/६५ ला १६६च, त्यामुळे हवा थोडी उतरवून दगडांवर घातली तरी रिम वाचते, आणि स्टील वाकलीच तर ठोकून सरळ करून घरी तरी पोचता येतं, अलॉयला तडा गेला की संपलं. एम/टी (मड-टेरेन, खास चिखलाचे) टायर चिखलात भारीच, पण पावसात आंबा घाटातल्या ओल्या डांबरावर ब्रेकला पकड कमी पडते, म्हणून दर वीकेंडला चिखलातच उतरणार असाल तरच ते घ्या. आणि प्लीज, वेळास-आंजर्ल्याच्या वाळूत गाडी घालूच नका, तिथे कासवांची घरटी असतात.